कासिल्दाची नागमोडी तलवार

कासिल्दाची उंची किती, हे तिला विचारायची स्पेनमधल्या आमच्या तोलेदो गावात कुणाची छाती नव्हती. हेर्वासिओच्या तलवारींच्या कारखान्यात ती कामाला उभी राहिली की कामाचा बाक थेट तिच्या गळ्याशी यायचा, म्हणून तिने पायाखाली एक लाकडी खोकं ठेवलं होतं. त्या खोक्याला कुणाचा चुकून पाय लागला की म्हणायची, "पाय काढ. सिंहासन आहे ते माझं."

तिचं काम मुठींचं. पातं घासून, उजळून यायचं. मुठीच्या लाकडावर ती आधी दोरा गुंडाळायची, त्यावर ओलं चामडं ताणून बसवायची आणि आरीने टोचत मेणाच्या दोऱ्याने शिवून टाकायची. विशीत कामाला लागली ती चाळिशी उलटेपर्यंत हेच. सैन्यातल्या समारंभाच्या तलवारी, लग्नाचा केक कापायच्या तलवारी, आणि पुढे पुढे पर्यटकांसाठी राक्षसांच्या नि पऱ्यांच्या तलवारी. मूठ शिवून झाली की तलवार पुढच्या माणसाकडे जायची. ती उचलून, हवेत फिरवून तोल बघायचं काम पुरुषांचं. एकदा कासिल्दाने एक दुहाती तलवार उचलून पाहिली, तर हेर्वासिओ म्हणाला, "अगं ठेव, नाहीतर तीच तुला घेऊन पडेल." सगळा कारखाना खो खो हसला. कासिल्दाने तलवार ठेवली नाही, दगडी फरशीवर टाकली. तो आवाज ऐकल्यावर मात्र कुणी हसलं नाही.

तिला आमच्या टेबलाशी आणलं फर्मिनने. फर्मिन टपाल कचेरीत खिडकीवर बसायचा आणि रविवारी दुपारी बास्तियानच्या खाटिकखान्यामागच्या खोलीत आमचा खेळ चालवायचा. आम्ही तेव्हा चौघं होतो. फर्मिन आमचा सूत्रधार; तो गोष्ट सांगायचा, दऱ्या, किल्ले, राक्षस त्याच्या तोंडून यायचे. बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. आकडा जितका मोठा, तितका वार खरा. बाकीचे म्हणजे खाटीक बास्तियान, शाळेत शिकवणारी न्येवेस, आणि मी, तेओ, बदामाची मिठाई करणाऱ्यांच्या भट्टीवरचा.

फर्मिन एकदा आपल्या आजोबांच्या तलवारीची फाटलेली मूठ घेऊन कारखान्यात गेला. चामडं बसेपर्यंत थांबला आणि बोलता बोलता आमच्या खेळाचं सांगून बसला. कासिल्दा शिवता शिवता ऐकत होती.

"म्हणजे तलवार कोणती घ्यायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं?"

"हो."

"आणि घेतली की चालवायची? दुसऱ्याला देऊन टाकायची नाही?"

"स्वतःच चालवायची."

"रविवारी येते," ती म्हणाली.

आली ती ऑलिव्हची बरणी घेऊन. बसल्या बसल्या पाय हवेत लोंबकळत होते, तरी तिने एकेकाची झडती घेतल्यासारखं विचारलं, "तू कोण? हातात काय?"

बास्तियानकडे रुंद, आखूड, एका धारेचं हत्यार असणार असं कुणालाही वाटलं असतं. पण तो लाजत म्हणाला, "माझी बारीक, लांब. टोकाने भोसकायची. दरबारी लोकांची असते ना, तसली."

"खाटीक असून?"

"खाटीक आहे म्हणूनच. आठवडाभर सुरा चालवतो मी. रविवारी तरी हाडं फोडायला नकोत."

न्येवेसच्या दोन्ही हातांत दोन आखूड तलवारी असायच्या, कारण तिला वर्गात नेहमी दोन हात कमी पडतात असं ती म्हणायची. फर्मिन स्वतः खेळत नसला तरी त्याच्या लेखी तलवार म्हणजे एकच: सरळ, दुधारी, सरदाराच्या कमरेची. बाकी सगळं लोखंडाचं भंगार.

"आणि तुझी?" तिने मला विचारलं.

"दीडहाती. म्हणजे एका हाताने चालते, वेळ आली तर दुसराही लावता येतो."

"म्हणजे तुझं काहीच ठरत नाही," कासिल्दा म्हणाली. बास्तियान टेबलावर हात आपटून हसला. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

मग तिने फर्मिनचं जाडजूड पुस्तक ओढून घेतलं. त्यात तलवारींच्या चित्रांची पानं होती. आखूड, लांब, वाकड्या, तुर्की, जहाजावरच्या. ती पानं उलटत गेली आणि एका चित्रावर बोट ठेवून थांबली. माणसाच्या खांद्यापर्यंत पोचेल एवढी लांब, दोन्ही हातांनी धरायची, आणि पातं सबंध नागमोडी, पेटलेल्या ज्योतीसारखं.

"ही."

फर्मिनने डोकं खाजवलं. "ती नुसती दिखाऊ आहे गं. नागमोडी पात्याने काही फरक पडत नाही."

"मला दिखाऊच हवी."

"बरं. मग तुझी बाई उंच, धिप्पाड दाखवू या."

"का? माझ्याएवढीच असेल. नाव तोदा."

"तुझ्याएवढी म्हणजे बुटक्या जमातीची. आणि बुटक्या जमातीला दुहाती तलवार पेलत नाही. नियम आहे. घेतलीच तर प्रत्येक फाशातून चार वजा."

"चार वजा, पण घेता येते?"

"येते, पण तू सारखी चुकशील कासिल्दा. आखूड तलवार घे, तुझ्या बेताची. पटापट लागेल."

तिने पुस्तक मिटलं. "बेताचं मी जन्मभर घेतलंय. चुकेन, पण हिनेच चुकेन."

आणि ती चुकत राहिली. पुलावरच्या राक्षसावर चुकली, दलदलीतल्या सापावर चुकली, एकदा तर म्हाताऱ्या रानडुकरावर तीनदा चुकली आणि शेवटी बास्तियानच्या बारीक तलवारीने ते मारलं. आम्ही तिला किती समजावलं! न्येवेसने स्वतःची एक आखूड तलवार देऊ केली. कासिल्दा ऑलिव्हची बी बशीत टाकायची आणि म्हणायची, "पुढे चला." पण जेव्हा लागायची, तेव्हा काय लागायची! फर्मिनला वर्णन करताना उभं राहावं लागायचं. तोदाच्या त्या एका वाराची वाट बघत आम्ही रविवार रविवार काढायचो.

असं काही वर्षं चाललं. मग वर्तमानपत्रांना आमचा खेळ सापडला.

लांबच्या कुठल्याशा शहरात काही पोरांनी फार वाईट काम केलं आणि त्यांच्या खोलीत अशा खेळाची पुस्तकं निघाली म्हणे. झालं. वर्तमानपत्रवाल्यांनी चित्रांसकट छापलं की हा खेळ खेळणाऱ्यांचं डोकं फिरतं, खरं कुठलं नि खोटं कुठलं ते कळेनासं होतं, हळूहळू रक्ताची चटक लागते. टीव्हीवर एक डॉक्टर येऊन मान हलवून गेला. आमच्या गल्लीत तर बातमी पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली होती. मिठाईच्या भट्टीवर माझ्या शेजारी बदाम सोलणारी बाई मला म्हणाली, "तेओ, तुम्ही तिथे मांजर वगैरे कापत नाही ना?"

"कापायचं असतं तर खाटिकाकडे जागा बरी आहे," मी म्हणालो. तो विनोद मी करायला नको होता. दुसऱ्या दिवशी तो गावभर झाला, आणि विनोद म्हणून नाही.

पहिली गेली न्येवेस. वर्गातल्या मुलांच्या आयांनी मुख्याध्यापकांना गाठलं होतं. ती उभ्या उभ्याच आली, आपले फासे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मला नोकरी आहे. समजून घ्या." बास्तियान म्हणाला, "समजतं गं." कासिल्दाने ते फासे उचलून न्येवेसच्या कोटाच्या खिशात परत घातले. "तुझे आहेत. टाकून देऊ नकोस."

मग गेलं पुस्तक. चित्रांची पानं बघायला कासिल्दा ते घरी न्यायची. घरी तिची थोरली बहीण ओब्दूलिया. नवरा गेल्यापासून ती कासिल्दाकडेच राहायची, रोज सकाळी देवळात जायची. एका सकाळी जाताना ती पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेली आणि फादर आन्सेल्मोंच्या हातात देऊन आली. संध्याकाळी कासिल्दाला कळलं.

"तुझ्या भल्यासाठी केलं," ओब्दूलिया म्हणाली. "लोक माझ्याकडे बघून छातीवर क्रूस काढतात."

"मग तूही त्यांच्याकडे बघून काढ. हिशेब फिटेल," कासिल्दा म्हणाली, आणि अंगावरचं चामड्याचं एप्रन न काढता तशीच देवळात गेली. मी तेव्हा त्यांच्या दाराशी बदामाची पुडी द्यायला उभा होतो. मला म्हणाली, "तू पण चल." मी गेलो.

फादर आन्सेल्मो वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. म्हणाले, "कासिल्दा, त्या पुस्तकात सैतानांची चित्रं आहेत. मी स्वतः पाहिली."

"फादर, इकडे या जरा."

तिने त्यांना बाजूच्या वेदीकडे नेलं. तिथे संत मिगेलचं, सैतानाला हरवणाऱ्या देवदूताचं, जुनं चित्र आहे. पंख पसरलेले, पायाखाली हिरवा सैतान जीभ काढून पडलेला, आणि देवदूताच्या दोन्ही हातांत उगारलेली नागमोडी तलवार. मी लहानपणापासून ते चित्र पाहत आलो होतो आणि ती तलवार नागमोडी आहे हे मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं.

"सैतान इथेही आहे," ती म्हणाली. "मी सहा वर्षांची असल्यापासून रोज बघते. आई प्रार्थना करायची, मी ती तलवार बघायची. इथे बसून तलवारच शिकले मी."

"ते देवदूत आहेत, बाळ. तू नाहीस."

"म्हणून तर खेळावं लागतं."

फादर म्हणाले, पुस्तक बिशपांच्या कचेरीत पाठवलंय, आता माझ्या हातात नाही. खरं होतं की नाही, देव जाणे. पुस्तक परत कधी आलं नाही.

पुढच्या रविवारी बास्तियान म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं की! पुस्तक नाही तर नियम नाही. फर्मिन, आता तोदाचे ते चार वजा करायचे नाहीत."

फर्मिनला नियम तोंडपाठ होते. तरी तोही म्हणाला, "चालेल. सोडून देऊ."

"का म्हणून?" कासिल्दा भडकली. "एवढी वर्षं चार वजा देऊन वार केलेत मी. आता सूट घेतली तर मागचे सगळे खोटे ठरतील. राहू देत वजा."

ती शेवटची बैठक त्या खोलीतली. बास्तियानचं गिऱ्हाईक तुटायला लागलं होतं आणि त्याच्या सासूने खोलीला कुलूप घातलं. चावी तिच्या गळ्यात. बास्तियान मान खाली घालून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मी येणारच आहे रे. पण कुठे यायचं ते तुम्ही सांगा."

त्याच आठवड्यात हेर्वासिओने कासिल्दाला आपल्या खोलीत न बोलवता सगळ्यांसमोर, बाकापाशी गाठलं. मला हे तिथल्या घासकाम करणाऱ्याने सांगितलं, आणि तिनेही नंतर सांगितलं. दोघांचं एकच निघालं.

"कासिल्दा, लोक बोलायला लागलेत."

"लोकांना तोंडं आहेत, मालक."

"देवळाच्या मिरवणुकीच्या मंडळाच्या तलवारी आपल्याकडे होतात. ते विचारत होते, ती बाई तुमच्याचकडची ना?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं की सोडते आहे."

"काय? खेळ की काम?"

"ते तू ठरव."

कासिल्दाने भिंतीकडे मान वळवली. तिथे विक्रीच्या तलवारी ओळीने टांगलेल्या: एकीच्या मुठीवर ड्रॅगनचं तोंड, एकीवर कवटी, एकीच्या पात्यावर कुणालाच न येणाऱ्या भाषेतली अक्षरं. त्या सगळ्या मुठी तिनेच शिवलेल्या.

"ह्या कोण विकत घेतं, मालक? मिरवणुकीचं मंडळ?"

"तो धंदा आहे."

"म्हणजे विकली तर धंदा आणि खेळली तर सैतान."

हेर्वासिओ लालबुंद झाला. "तोंड सांभाळ. तुझ्यासारख्या..."

"माझ्यासारख्या काय? बोला ना. बुटक्या? बोला, सगळे ऐकतायत."

कासिल्दाने आरी एप्रनला पुसून खिशात टाकली. पायाखालचं खोकं काढलं, काखेत मारलं आणि चालू लागली. बाकावर अर्धवट शिवलेली मूठ होती, चामडं अजून ओलं.

"आणि ही?" हेर्वासिओ मागून ओरडला. "ही अशी वाळली तर वाकडी होईल!"

"होऊ द्या."

मी सांगतो, रस्त्यात ती रडली. घासकामवाल्याने दारातून पाहिलं. पण खोकं काखेतून खाली ठेवलं नाही.

शनिवारी संध्याकाळी तिने मला बोलावणं धाडलं. रविवारी दुपारी मी गेलो तर जिन्याच्या तोंडाशी स्वयंपाकघरातलं टेबल उभं. म्हणाली, "एक बाजू धर."

"कुठे न्यायचं?"

"खाली. चौकात."

ओब्दूलिया मागून ओरडत होती, "अगं, आता जेवायचं कशावर?"

"मांडीवर!"

आमचा विहिरीचा चौक म्हणजे काही मोठा नाही. मधे बुजवलेली विहीर, काठीसारखी वाळकी दोन झाडं, एका बाजूला वाइनचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला पर्यटकांसाठी तलवारी विकणारं. जून महिना होता. सावली जिकडे सरकेल तिकडे म्हातारे आपला डॉमिनोचा डाव सरकवत होते. आम्ही टेबल विहिरीला टेकवून लावलं. फर्मिन आला तो कोट घालून, एवढ्या उन्हात. म्हणाला, "पकडून नेलंच तर बरा दिसायला हवा." बास्तियान आला. चौघं बसलो. खिडक्यांची झापडं एकेक करून बंद झाली. ओब्दूलियानेही वरची बाल्कनी धाडकन लावून घेतली.

"हळू बोल," मी फर्मिनला म्हणालो.

"मोठ्याने बोल," कासिल्दा म्हणाली. "कुजबुजलं की लोकांना मांजरं ऐकू येतात."

फर्मिन खाकरला आणि सुरू झाला. डोंगरातली खिंड, खिंडीत जुना दगडी दरवाजा, दरवाज्यापाशी पहारा देणारा एकडोळ्या राक्षस. मग त्याचा नेहमीचा सूर लागला.

पाऊण एक तासाने पालिकेचे दोन पोलीस आले. एक थोराड, एक तरुण. थोराड म्हणाला, "तक्रार आहे. चौकात तलवारी घेऊन बसलाय तुम्ही."

कासिल्दा खुर्चीवरून उतरली, म्हणजे आणखीच खाली गेली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शोधा."

त्याने टेबलाखाली पाहिलं. ऑलिव्हच्या बिया होत्या.

"तलवारी हव्यात ना तुम्हाला?" ती म्हणाली. "ते बघा, त्या दुकानाच्या दारात भिंत भरून टांगल्यात. त्यातल्या निम्म्यांच्या मुठी मी शिवल्यात. जा, पकडा त्यांना."

डॉमिनोवाल्यांतून कुणीतरी फिसकन हसलं.

"बाई, चौकात टेबल टाकायला परवानगी लागते."

"त्यांच्याकडे आहे?" तिने म्हाताऱ्यांकडे बोट केलं.

"ते डॉमिनो खेळतात."

"आम्हीही खेळतोय."

"पण तुमचा खेळ..." थोराड पोलीस अडखळला. "तुमचा खेळ कसला आहे ते ठाऊक नाही आम्हाला."

"मग बसा आणि बघा. ठाऊक नसलेल्याला घाबरायचं काम लोकांचं. तुम्हाला पगार मिळतो."

डॉमिनोवाल्यांतले एक आजोबा उठून आले. आम्हाला वाटलं, आता हेही बोलणार. ते पोलिसाला म्हणाले, "हे बघ रे, त्यांचं टेबल उचललंस तर आमचंही उचलावं लागेल. आणि मी इथून हलणार नाही. मला दोन वेळा हलवायचा प्रयत्न झालाय, त्या वेळच्या लोकांना विचार." आजोबा यादवी युद्धाच्या नि पुढच्या हुकूमशाहीच्या दिवसांबद्दल बोलत होते, हे आमच्या गावात सगळ्यांना कळतं. थोराड पोलिसाने टोपी काढून घाम पुसला. दोघं गेले नाहीत, वाइनच्या दुकानाच्या सावलीत जाऊन उभे राहिले आणि तिथून बघत राहिले.

"पुढे," कासिल्दा म्हणाली.

आता लोक जमायला लागले. आधी लांबून, मग खुर्च्यांच्या मागे. बास्तियानचा वार राक्षसाच्या पोटऱ्यांत बसला, माझा ढालीवरून घसरला. तोदाची पाळी आली. कासिल्दाने फासा टाकला. चौदा. चार वजा, दहा. चुकला.

मागून हळहळ उठली. सूर्यफुलाच्या बिया विकणारी पेट्रा नावाची म्हातारी म्हणाली, "अगं, एवढी मोठी तलवार कशाला? लहान घे की!"

"लहान काय घे?" डॉमिनोवाले आजोबा म्हणाले. "राक्षसाच्या गुडघ्यापर्यंत पोचणार नाही ती. भाला हवा."

"भाला तलवार आहे का, आजोबा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"वाकडी द्या तिला, वाकडी!" वाइनवाल्याने दारातून सांगितलं. "वाकडीने कापलं जातं. माझा भाऊ मोरोक्कोत होता."

"तुझा भाऊ मोरोक्कोत आचारी होता," आजोबा म्हणाले.

"म्हणजे कापणं त्याला माहीतच असणार!"

बघता बघता सगळा चौक भांडायला लागला. सरळ की वाकडी, टोकाने की धारेने. हातात बाजाराची पिशवी घेऊन न्येवेस कडेने चालली होती. ती थांबली नाही, पण जाता जाता पिशवीत बघून बोलल्यासारखी म्हणाली, "त्याचा डावा डोळा फुटलाय. डावीकडून जा." आणि कोपऱ्यावरून वळली. पुढेही ती आमच्यात कधी बसली नाही.

पुढच्या पाळीला कासिल्दा डावीकडून गेली. फर्मिनने मान्य केलं. डावीकडून वार सोपा. तिने फासा हातात घोळवला आणि टाकला. तो विहिरीच्या कठड्यावर आपटून टेबलावर आला. तीन.

त्यावर फर्मिनने राक्षसाच्या सोट्यासाठी फासा टाकला आणि त्याचा चेहरा पडला. वीस. त्याने तो आकडा हाताने झाकायचा प्रयत्न केला. मी पाहिलं. कासिल्दानेही पाहिलं.

"हात काढ, फर्मिन."

"कासिल्दा, आपण हा फासा पुन्हा..."

"हात काढ. सांग काय झालं ते. नीट सांग, सगळे ऐकतायत."

फर्मिन उभा राहिला, कोटाची बटणं लावली आणि सांगितलं. राक्षसाचा सोटा कसा उतरला, तोदा दरवाज्याच्या दगडावर कशी आदळली, आणि ती पडली तरी तिची मूठ कशी सुटली नाही. तेवढ्यात वरची बाल्कनी उघडली. ओब्दूलिया अर्धी बाहेर लोंबत होती. बंद झापडांच्या आडून ती सगळं ऐकत होती तर!

"मेली?" ती ओरडली. "अहो फर्मिन, ती मेली? असं कसं मारता तुम्ही तिला! एवढी वर्षं खेळलीय ती!"

"मेली, ओब्दूलिया," कासिल्दा वर बघून म्हणाली. डोळे भरले होते, आवाज नाही. "फर्मिन, पुढच्या रविवारी तिची बहीण येणार आहे. थोरली."

"थोरली म्हणजे उंच असेल ना?" बास्तियानने आशेने विचारलं.

"तोदाएवढीच. आणि तलवार तीच. उचलून घेते म्हणून लिही."

"चार वजा?" फर्मिनने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला?"

त्या उन्हाळ्यात आम्ही दर रविवारी चौकात खेळलो. पोलीस आणखी एकदा आला. ह्या वेळी तरुणाने एकट्याने येऊन विचारलं की राक्षसाचं पुढे काय झालं. सगळं गोड झालं असं नाही. कारखान्यात तिला कुणी परत बोलावलं नाही आणि तिने विचारलंही नाही. बरेच महिने ती लोकांच्या घरी इस्त्री करत होती. नंतर बसने तासभर लांबच्या गावी एका घोड्यांची खोगिरं करणाऱ्याकडे चामडं शिवायला जायला लागली. काही घरांतून आम्हाला नमस्कार बंद झाला, तो बंदच राहिला. ओब्दूलिया देवळात जायची आणि रविवारी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची. पुस्तकाबद्दल तिने कधी माफी मागितली नाही. बहिणीबहिणींत ते तसंच राहिलं, टेबल मात्र ती स्वतः एका बाजूने धरून खाली आणायला लागली.

मग वारं फिरलं. वर्तमानपत्रांना दुसरं काही मिळालं, आणि काही वर्षांनी पालिकेलाच जुन्या काळची जत्रा भरवायचा नाद लागला. एक नगरसेविका हसत हसत आमच्या टेबलाशी आली. म्हणाली, आम्हाला विहिरीपाशी तंबू देणार, वर फलक लावणार, आणि आम्ही त्या काळचे कपडे घालून बसायचं.

"कोणत्या काळचे?" कासिल्दाने विचारलं. तोवर तिचे केस पिकले होते.

"मध्ययुगातले. झगे वगैरे. आम्ही देऊ."

"मी ह्याच काळातली आहे, बाई."

"पर्यटकांना आवडेल हो. आणि जागा तुम्हाला फुकट."

"जागा फुकटच आहे. चौक आमचा आहे. आम्ही खेळतो, दाखवत नाही."

नगरसेविका म्हणाली, मग जत्रेच्या दिवशी टेबल लावता येणार नाही, गर्दी होईल. कासिल्दा म्हणाली, "बघू."

जत्रेच्या रविवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कर्णे वाजत होते, झगे घातलेली माणसं डुक्कर भाजत होती. आम्ही टेबल डोक्यावर घेऊन आत घुसलो आणि चीजवाल्याच्या नि पिशव्यांवाल्याच्या दुकानांमधल्या फटीत ते घुसवलं. खुर्च्या मावल्या नाहीत, उभ्यानेच खेळलो. कासिल्दाने घरून खोकं आणलं होतं, त्यावर ती उभी राहिली. फर्मिनला कर्ण्यावर ओरडून सांगावं लागत होतं की समोर तीन डोक्यांचा कुत्रा आहे. तिने फासा टाकला आणि तो घरंगळत चीजवाल्याच्या फळीखाली गेला. तो बिचारा गिऱ्हाईक सोडून गुडघ्यांवर रांगत आत शिरला.

"काय आलंय?" बास्तियान ओरडला.

"एक!" आतून आवाज आला. "बाई, एक आलाय! पुन्हा टाकायचा का?"

"नाही," कासिल्दा म्हणाली, "चुकला म्हणून सांग. तेओ, तुझी पाळी. आणि एकदाचा दुसरा हात लाव त्या तलवारीला."